महात्मा फुले मंडई आणि दैनंदिन कचऱ्याची सुरक्षित हाताळणी

प्रस्तावना

पुण्याच्या मध्यवर्ती पेठांतील महात्मा फुले मंडई १८८६ मध्ये ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झाली. तिच्या बांधकामावरील खर्चास नगरपालिकेचे सदस्य या नात्याने जोतीराव फुले यांनी विरोध केला होता. सार्वजनिक पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढे त्याच वास्तूला त्यांचे नाव देण्यात आले. घाऊक व्यापार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेल्यानंतरही येथील किरकोळ विक्री चालू राहिली आणि तिच्यासोबत रोजचा कचराही. या कचऱ्याची चर्चा सामान्यतः दुर्गंधीच्या अंगाने होते. तो ज्यांच्या हातांतून जातो, त्यांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने त्याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कचऱ्याचे स्वरूप

भाजीबाजारातील कचऱ्यात पाला, देठ, साली व सडकी फळे यांचे प्रमाण सर्वाधिक असते. पाण्याचा अंश मोठा असल्याने हा कचरा जड असतो व उष्ण हवेत लवकर कुजतो. मात्र निव्वळ पाला फारसा घातक नसतो. धोका निर्माण होतो तो मिसळीतून. खोक्यांचे खिळे, फुटकी काच, जुनी पाती ओल्या पाल्याखाली गेली की दिसेनाशी होतात आणि पाला उचलणाऱ्या हातालाच त्यांचा प्रथम पत्ता लागतो.

हाताळणीतील धोके

अशा जखमांतून धनुर्वाताचा संसर्ग संभवतो. साठलेल्या कचऱ्याकडे उंदीर आकर्षित होतात. त्यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याचा जखमेशी संपर्क आल्यास लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. कोरड्या झाडलोटीची धूळ श्वसनमार्गास अपाय करते, तर भरलेली घमेली वारंवार उचलल्याने पाठ व खांदे दुखावतात. ब्लीचिंग पावडर व आम्लयुक्त द्रव एकत्र वापरल्यास विषारी क्लोरीन वायू निर्माण होतो, ही बाबही अनेकदा दुर्लक्षित राहते.

सुरक्षित पद्धती

जाड हातमोजे, बंद पादत्राणे, धनुर्वाताची लस आणि कामानंतर साबणाने हात धुण्याची सोय या किमान गरजा होत. झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा. कचरा हाताने न दाबता फावड्याने भरावा व घमेले अर्धेच भरावे. परंतु हे सर्व उपाय दुय्यम ठरतात. खिळा वा काच गाळ्यावरच वेगळ्या डब्यात पडली, तर हातमोज्याची परीक्षा होण्याचा प्रसंगच येत नाही. म्हणून वर्गीकरण ही प्रथमतः कामगार-सुरक्षेची पद्धत आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक असे वर्गीकरण निर्मितीस्थानीच करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावर टाकली, ती या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

विल्हेवाट

वेगळा ठेवलेला ओला कचरा उपयुक्त कच्चा माल असतो. चांगल्या कंपोस्टसाठी कर्ब व नत्र यांचे प्रमाण साधारणतः २५ ते ३० ास १ असावे लागते. भाजीपाल्यात नत्र व ओलावा अधिक असल्याने त्यात सुका पालापाचोळा मिसळावा लागतो. ढिगाचे तापमान किमान तीन दिवस ५५ अंश सेल्सिअसच्या वर राहिल्यास बहुतेक रोगजंतू नष्ट होतात. हवाबंद पात्रात याच कचऱ्यापासून मिथेनयुक्त बायोगॅस मिळतो. मात्र प्लास्टिक व सुतळी आत गेल्यास यंत्रणा अडते. मिश्र कचऱ्याच्या वाट्याला बहुधा डेपोच येतो. त्याची किंमत कोणी मोजली, हे उरुळी देवाची व फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी केलेल्या आंदोलनांनी दाखवून दिले आहे.

संघटनेचे महत्त्व

१९९३ मध्ये पुण्यात ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ स्थापन झाली. डॉ. बाबा आढाव यांच्या मार्गदर्शनाबरोबरच एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठातील प्राध्यापिकांचा त्यात मोलाचा वाटा होता. याच कार्यातून पुढे कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, हा या संस्थेचा आग्रह उचलणाऱ्या हाताला पूर्वसूचना देण्यासाठीच आहे.

समारोप

सफाई कामगाराची सुरक्षितता त्याच्या हातातील खराट्यापेक्षा कचरा टाकणाऱ्याच्या वर्तनावर अधिक अवलंबून असते. महाविद्यालयांची उपाहारगृहे व प्रयोगशाळाही याला अपवाद नाहीत. प्रयोगशाळेतील फुटकी काचनळी कोणत्या डब्यात पडते, येथूनच या विषयाचे अध्यापन सुरू व्हावयास हवे.