बाण का पळतो

'शेतकरी' हा शब्द टंकताना 'र' उमटतो, तेवढ्यात डाव्या अंगठ्याखालचा तळवा लॅपटॉपच्या खालच्या काळ्या चौकोनाला, म्हणजे टचपॅडला, चाटून जातो. कर्सर दोन ओळी वर उडी मारतो आणि मागून येणारी दीर्घ वेलांटी तिथे एकटीच, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून पडते. इनस्क्रिप्ट कळफलकावर मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे वर्तुळ पाहिलेलं आहे. लेखात ते खोडता येतं. पीकविम्याच्या अर्जात मात्र यादीवर बोट घसरून सोयाबीनच्या जागी तूर निवडली गेली, किंवा गट क्रमांकातला एक आकडा शेजारच्या रकान्यात गेला आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर त्याचा भुर्दंड शेतकऱ्याला बसतो. परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या झरीसारख्या गावात लॅपटॉप हे आता सातबारा, विमा, दाखले आणि मुलांचे प्रवेश अर्ज यांचं यंत्र आहे. जुलैच्या अखेरीस, विम्याची मुदत जवळ आलेली असताना पडद्यावरचा बाण पळायला लागला की 'पॅड खराब झालाय, बदलून टाका' असं पटकन सांगितलं जातं. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. पॅड आपलं काम चोख करत असतो, म्हणूनच बाण पळतो, असं माझं म्हणणं आहे.

या पॅडचं कूळ मोठं आहे. इंटेलची ४००४ ही व्यापारी बाजारात आलेली पहिली मायक्रोप्रोसेसर चिप १९७१ची. ती घडवणाऱ्यांमधले फेडेरिको फॅगिन यांनी १९८६मध्ये कार्व्हर मीड यांच्याबरोबर सिनॅप्टिक्स ही कंपनी काढली. मेंदूतल्या पेशींसारखं काम करणारे विद्युत परिपथ बनवणं हा त्यांचा मूळ उद्देश होता. मेंदूच्या शोधात निघालेली ही मंडळी बोटाचा स्पर्श ओळखण्यापाशी पोहोचली आणि पुढे जगभरातल्या लॅपटॉपमध्ये त्यांचे पॅड बसले. त्याच सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात जॉर्ज गर्फाइड यांनी वेगळ्या वाटेने स्पर्शपॅड तयार केला. १९९४मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत बाण फिरवणारा गोल चेंडू जाऊन सपाट पॅड आला आणि लॅपटॉपचा चेहरा कायमचा बदलला. अनेक बोटं एकाच वेळी ओळखणारं तंत्र वेन वेस्टरमन यांनी डेलावेअर विद्यापीठात विकसित केलं. टंकलेखनाने त्यांचेच हात दुखत असत. कमीत कमी जोर लावून काम व्हावं ही त्या संशोधनामागची निकड होती. पॅडचा हळवेपणा हा असा मुद्दाम, कष्टाने मिळवलेला गुण आहे.

पॅडच्या पृष्ठभागाखाली उभ्या-आडव्या तारांची बारीक जाळी असते. दोन तारा जिथे एकमेकींना ओलांडतात तिथे थोडासा विद्युतभार साठतो. बोट जवळ आलं की त्यातला अंश बोट ओढून घेतं, कारण आपलं शरीर वीजवाहक आहे. भार साठवण्याच्या क्षमतेतला हा फरक एका पिकोफॅरडहूनही कमी, म्हणजे फॅरडच्या एक लाख कोटीव्या भागापेक्षा लहान. आतली चिप सेकंदातून कित्येक वेळा सगळी जाळी मोजते आणि भार कुठे घटला यावरून बोटाची जागा काढते. दुकानदार वजन करण्याआधी तराजूचा पासंग काढतो, तशी ही चिपही कुणी स्पर्श केलेला नसतानाची पातळी आधी ठरवून ठेवते. लॅपटॉप सुरू होत असताना हात पॅडवरच असला, तर ही पातळीच काही वेळा चुकते. पॅड भरकटला की हात उचलून काही क्षण थांबावं. नाहीच सुधारला तर लॅपटॉप बंद करून, पॅडला न शिवता पुन्हा सुरू करावा.

एवढ्या बारीक फरकावर चालणाऱ्या यंत्राला घाम, तेलकट बोट, पावसाळ्यातला ओलावा हे सगळं जाणवणारच. परभणीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. तळहाताचा घाम पॅडवर पसरला की त्या ओल्या थराची कड कुठे संपते आणि बोट कुठे सुरू होतं हे चिपला कळत नाही. मशीन बंद करून मऊ सुती फडक्याने पॅड पुसावा आणि हात कोरडे करून बसावं. निम्म्या तक्रारींसाठी मी आधी हेच सुचवेन.

यानंतर चार्जर काढून पाहावा. बाण लगेच शहाणा झाला तर दोष पॅडचा नाही, विजेचा आहे, आणि झरीच्या परिसरात या शक्यतेकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायला हवं. चार्जर भिंतीतली २३० व्होल्टची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत लॅपटॉपला लागेल तशी करून देतो. त्यातून विद्युत गोंगाट उठतो. तीन पिनांच्या चार्जरमध्ये हा गोंगाट तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. पण घरातल्या बोर्डावर तिसरं भोक असलं तरी त्यामागे अर्थिंगची तार असेलच असं नाही. ती नसली की चार्जरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरमुळे लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर दाबाच्या जवळपास निम्मे व्होल्ट तरंगत राहतात. प्रवाह अगदी थोडा असल्याने अपाय सहसा होत नाही, पण मनगटाला झिणझिण्या येतात, टेस्टर लावला तर मंद पेटतो, आणि घरातले म्हणतात, 'लॅपटॉप करंट मारतोय.' करंट मारणारा लॅपटॉप आणि पळणारा बाण ही अनेकदा एकाच आजाराची दोन लक्षणं असतात. तो गोंगाट बोटातून जाळीत उतरतो, आणि चिपला स्थिर बोटही थरथरतंय असं वाटतं.

अर्थिंगचा प्रश्न इथे मातीशी येऊन भिडतो. परभणीची काळी माती ओली असताना वीज चांगली वाहून नेते. उन्हाळ्यात तीच सुकते, आकसते, तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगसाठी पुरलेल्या नळीचा मातीशी असलेला संपर्क सुटतो. श्रावणात ठीक असलेलं अर्थिंग वैशाखात निकामी ठरू शकतं. डीपीच्या, म्हणजे रोहित्राच्या, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणारे वायरमन हे अनुभवाने जाणतात. घरासाठी नळी खोल जायला हवी, भोवती कोळसा आणि मिठाचे थर हवेत, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्याला पाणी घालायला हवं. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावं. काही ठिकाणी अर्थची तार न्यूट्रललाच जोडून वेळ मारून नेतात. अशा वेळी न्यूट्रल तुटला तर घरातल्या प्रत्येक धातूच्या उपकरणावर पूर्ण दाब येतो. बाण स्थिर करण्यासाठी कुणी हा जुगार खेळू नये. लाईट गेल्यावर चौकोनी लहरींच्या स्वस्त इन्व्हर्टरवर काम करणाऱ्यांनाही हा गोंगाट जास्त जाणवू शकतो. महत्त्वाचा अर्ज भरायचा असेल तर लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करावा, चार्जर काढावा आणि बॅटरीवरच काम उरकावं. यात एक पैसा खर्च होत नाही.

सेटिंगचा भाग थोडक्यात आटोपतो. विंडोज ११मध्ये ब्लूटूथ आणि उपकरणांच्या पानावर टचपॅड सापडतो. तिथे कर्सरचा वेग आणि संवेदनशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक वेग कमी करून हळवेपणा गेला असं समजतात. संवेदनशीलतेच्या चार पायऱ्या आहेत. ती मध्यम किंवा सगळ्यात खालच्या पायरीवर आणली की टंकताना चुकून लागलेला तळहात पॅड जास्त काटेकोरपणे नाकारतो. टॅप केल्यावर क्लिक होण्याची सोय बंद केली तर निम्मे घोळ तिथेच मिटतात, कारण मग क्लिकसाठी पॅड दाबावाच लागतो. लिनक्सवर टंकताना पॅड बंद ठेवण्याचा पर्याय आहे. दिवसभर अर्ज भरणाऱ्याने साधा माउस घ्यावा आणि पॅड बंदच करावा. यात पॅडचा पराभव मानायचं काही कारण नाही.

शेवटची शक्यता मात्र गंभीर आहे. पॅड आपोआप क्लिक होत असेल, दाबायला घट्ट लागत असेल, मधोमध किंचित वर आला असेल किंवा लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नसेल, तर खालची लिथियम बॅटरी फुगलेली असू शकते. अनेक लॅपटॉपमध्ये बॅटरी पॅडच्या अगदी खाली असते. जुनी झालेली, उन्हात तापलेली आणि कायम चार्जरवर ठेवलेली बॅटरी आतल्या वायूने फुगते आणि पॅडला खालून ढकलते. मराठवाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत ही भीती जास्त. अशा वेळी सेटिंग बदलत बसू नये. लॅपटॉप बंद करावा, चार्जरला लावू नये, वरून दाबू नये, बॅटरीला टोचून हवा काढण्याचा विचारही करू नये, कारण ती पेट घेते. जाणकाराकडून बॅटरी काढून घ्यावी आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावी. नवी बॅटरी बसली की पॅड बऱ्याचदा पुन्हा सपाट होतो, आपोआपचे क्लिक थांबतात, आणि दुरुस्तीच्या बिलातून पॅडची किंमत वगळता येते.