दैनंदिन जीवनातील ख्रिस्ती साक्ष : टिळक दांपत्याच्या संदर्भात

ख्रिस्ती परंपरेत आपली श्रद्धा इतरांपुढे मांडण्यास ‘साक्ष’ असे म्हणतात. ती केवळ प्रवचनातून नव्हे, तर बोलण्यातून, वागण्यातून व सेवेतूनही दिली जाते. कोल्हापूर संस्थानात १८५२ मध्ये आलेल्या रेव्ह. रॉयल वाइल्डर यांनी त्यासाठी शिक्षणकार्याचीही जोड घेतली. मात्र या साक्षीचे घरगुती रूप रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) व लक्ष्मीबाई यांच्या जीवनात अधिक स्पष्टपणे दिसते.

राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने टिळकांशी आपुलकीने संवाद साधून त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. टिळकांनी तो वाचला, त्यावर चिंतन केले आणि १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी अभंग व कीर्तन या मराठी मनाला परिचित असलेल्या माध्यमांतून आपली श्रद्धा मांडली.

या निर्णयामुळे लक्ष्मीबाईंना काही वर्षे पतीवियोग सोसावा लागला. पुन्हा एकत्र आल्यावरही त्या सोवळेओवळे पाळीत. जातिभेद ईश्वरनिर्मित नाही, हे त्यांना स्वतःच्या विचारानेच उमगले व त्यानंतर १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास आला आहे.

भारतीय संविधानाचा अनुच्छेद २५ धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य देतो; परंतु दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात अंतर्भूत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्पष्ट केले. लक्ष्मीबाईंचे उदाहरण हीच मर्यादा नैतिक पातळीवर दर्शविते. साक्ष देणाऱ्याने सांगावे, जगून दाखवावे. निर्णय मात्र ऐकणाऱ्याच्या विवेकावर सोपवावा.