जात्याशी बोललेलं

यंदा भाऊबीजेला आत्या घरी आली तेव्हा मी सहज विचारलं, "आत्या, जात्यावरच्या ओव्या येतात का गं तुला?"

"कुठल्या आता! गिरणी आली नि सगळं विसरले."

पण सानेगुरुजींचं 'स्त्रीजीवन' वाचल्यापासून माझ्या डोक्यात ओव्या घोळत होत्या. हट्टानं पडवीतलं जुनं जातं धुऊन-पुसून ठेवलं. आत्यानं मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरला आणि चार फेरे झाले नाहीत तोच ओव्या सुरू! आधी भावाचं कौतुक. मग त्याच संथ सुरात एक वेगळीच ओवी आली. लेक माहेरी आलीय, भाऊ 'ये' म्हणतोय, पण भावजय काही चुलीपासून उठत नाही.

माझी आई, म्हणजे आत्याची भावजय, स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती!

मैत्रिणींनो, कथा-कादंबरीत संघर्ष म्हटला की खटके उडतात, कुणीतरी उलटून बोलतं. ओवीत समोर असतं फक्त जातं. पहाटेचा अंधार, घर झोपलेलं आणि दळणाची घरघर. दिवसा सासूपुढे जे ओठांवर आणायची सोय नव्हती, ते इथे खपून जायचं. काय करणार, ते 'नुसतं गाणं'च ना! सूर बदलत नाही, म्हणून माया आणि तक्रार एकमेकींना खेटून येतात. छापलेल्या ओव्या वाचताना हे मला कधी जाणवलंच नव्हतं. तिथे दोन-चार ओळी, की संपलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून मुळशी-मावळच्या नि इतर गावांतल्या बायकांकडून ओव्या गोळा केल्या. १ लाखाहून जास्त! २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं त्या लोकांपुढे आणायला सुरुवात केली. त्यातल्या कितीतरी त्या बायकांच्याच आवाजात ऐकता येतात. वाचू नका, आधी ऐका.

आणि हो, आई काय म्हणाली? काहीच नाही. पदर खोचून आत्यासमोर बसली आणि तिनंही खुंट्याला हात लावला. दळण संपल्यावर दोघी बोलल्या, ते ज्वारीच्या भावाबद्दल.