गोफण आणि मूठभर दाणे

मोखाडा-जव्हारच्या डोंगरउतारावर नागली-वरईचीं कणसें भरूं लागलीं, कीं शेतांत राखणीचा माळा उभा राहतो. राखणदार आरोळी ठोकतो, गोफण फिरवितो. थवा उठतो आणि पलीकडच्या शेतांत उतरतो. मुंबईंत मात्र याच्या अगदीं उलट देखावा वर्षानुवर्षें दिसत आला. तेथें माणसेंच पांखरांपुढें ज्वारी-चणे ओतीत, आणि त्यांना आवरण्याची चिंता महानगरपालिकेस पडे.

हीं पांखरें म्हणजे पारवे. मूळचा हा कडेकपारींत घरटें करणारा पक्षी. उंच इमारतींचे सज्जे त्याला कड्यांसारखेच सोयीचे वाटतात. पिलांना तो आपल्या गळ्यांतील पिशवींत स्रवणारें दुधासारखें द्रव्य भरवितो. म्हणून दाणा मिळत राहिला, तर बाराही महिने त्याची वीण चालूं शकते.

दाणे टाकण्यामागें भूतदया आहे, हें कोणी नाकारीत नाहीं. परंतु वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ श्वासावाटे आंत जाऊन कांहीं माणसांच्या फुप्फुसांस सूज येते. तें दीर्घकाळ चाललें, तर फुप्फुसें घट्ट होतात आणि झालेलें नुकसान भरून येत नाहीं.

२०२५ च्या जुलैंत राज्य सरकारनें मुंबईंतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचें विधानपरिषदेंत जाहीर केलें. दादरचा, १९३३ सालचा, कबुतरखाना ताडपत्रीनें झांकला गेला. ६ ऑगस्टला संतप्त जमावानें ती फाडली. उच्च न्यायालयानें मात्र लोकांच्या आरोग्यास अग्रस्थान दिलें.

येथें स्वित्झर्लंडमधील बाझल शहराचा अनुभव विचारांत घेण्यासारखा आहे. १९६१ ते १९८५ या काळांत तेथें सुमारें एक लाख पारवे मारण्यांत आले, तरी संख्या घटेना. रिकाम्या जागीं नवे पारवे येत. १९८८ पासून लोकांची समजूत घालून दाणे टाकणें कमी करविलें, ठराविक खुराड्यांतून अंडीं काढून घेतलीं, आणि चारपांच वर्षांत थवे निम्म्यावर आले.

मोखाड्याच्या राखणदाराला यांतील मर्म ठाऊक असतें. गोफण पांखराला उडविते, नाहींसें करीत नाहीं; पीक खळ्यावर गेलें, कीं थवा आपोआप पांगतो. शहरांतही जाळी, ताडपत्री वा दंड यांनीं पारवा फार तर दुसऱ्या छपरावर जाईल. तो खरोखर कमी व्हावयाचा असेल, तर दाण्याची मूठ आंवळावी लागेल. तीही एकाएकीं नव्हे, क्रमाक्रमानें. असें केल्यास पांखरांवर उपासमारीची पाळी येणार नाहीं, आणि त्याच गल्लींत राहणाऱ्या दमेकऱ्यासही मोकळा श्वास घेतां येईल.