साखरपुड्याची अंगठी : वजनाआधी कट पाहावा

हिऱ्याची प्रत चार गोष्टींवर ठरते : कट, रंग, स्वच्छता आणि वजन. अमेरिकेत १९३१ साली स्थापन झालेल्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका अर्थात जीआयए या संस्थेने रूढ केलेली ही प्रतवारी आज जगभर चालते. साखरपुड्याची अंगठी घेताना पहिला प्रश्न बहुधा ‘किती कॅरटचा’ हाच असतो. हिऱ्याचे तेज मात्र सर्वांत जास्त कटवर अवलंबून असते, म्हणून पैसेही आधी कटवर खर्च करावेत.

काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, तर हिऱ्याचा २.४२ असतो. हिऱ्यात शिरलेला किरण तळाच्या पैलूवर लंबाशी सुमारे २४.४ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो आणि अखेर वरच्या बाजूने डोळ्यांपर्यंत येतो. तळाचे पैलू चुकीच्या कोनात पाडले, तर हाच प्रकाश खालून निसटतो. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये याचे गणित मांडले. माथ्याच्या पैलूंचा कोन ३४.५ अंश, तळाच्या पैलूंचा ४०.७५ अंश आणि वरच्या सपाट पैलूची, म्हणजे ‘टेबल’ची, रुंदी हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के, हे त्यांनी सुचवलेले प्रमाण. आजचा ५७ किंवा ५८ पैलूंचा गोल ‘ब्रिलियंट’ हिरा याच्याच जवळपास असतो.

कटमधील दोष डोळ्यांना दिसतो. हिरा फार उथळ असेल तर वरून पाहताना टेबलच्या आत करडे कडे दिसते. फार खोल असेल तर मधोमध काळोख दिसतो. खोल हिऱ्याचे वजन पोटात दडलेले असते, त्यामुळे पैसे जास्त मोजूनही तो लहानच दिसतो. दुकानातील प्रखर दिव्यांखाली सगळेच हिरे चमकतात, म्हणून खिडकीशी नेऊन साध्या उजेडात पाहणे आवश्यक ठरते. गोल ब्रिलियंटला जीआयए २००६ पासून ‘एक्सलंट’ ते ‘पुअर’ अशा पाच श्रेणी देते. ओव्हल, पेअर आणि मार्कीज या आकारांत मध्यभागी ‘बो’सारखा काळा पट्टा येतो, तो जितका फिका तितके चांगले. प्रिन्सेस कटचे टोकदार कोपरे धक्क्याने उडू शकतात, त्यामुळे ते कोंदणाने झाकलेले असावेत.

रंगाची श्रेणी ‘डी’पासून ‘झेड’पर्यंत जाते. ‘डी’, ‘ई’ आणि ‘एफ’ रंगहीन. ‘जी’ ते ‘जे’ जवळजवळ रंगहीन. पांढऱ्या कागदावर हिरा पालथा ठेवून बाजूने पाहिला की पिवळसर झाक कळते. अंगठी पिवळ्या सोन्याची असेल तर ‘आय’ किंवा ‘जे’ रंगही खपून जातो. प्लॅटिनम किंवा पांढऱ्या सोन्यात ‘जी’ किंवा ‘एच’ घेणे बरे.

स्वच्छता दहापट भिंगाखाली ठरते आणि तिच्या अकरा श्रेणी आहेत. ‘व्हीएस-२’ हिऱ्यातील डाग नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ‘एसआय-१’ मध्येही पुष्कळदा दिसत नाहीत. त्यावरच्या श्रेणीचे जादा पैसे भिंगातच दिसतात. एमरल्ड कटचे पैलू लांब आणि पायऱ्यांसारखे असल्याने त्यात डाग लपत नाही. तिथे मात्र वरची श्रेणी निवडावी.

एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजेच शंभर सेंट. अर्धा, एक, दीड अशा ठरावीक टप्प्यांवर भाव एकदम चढतो. चांगल्या कटचा एक कॅरटचा गोल हिरा सुमारे ६.५ मिलिमीटर व्यासाचा, तर ०.९० कॅरटचा त्याहून जेमतेम पाव मिलिमीटर लहान असतो. बोटात हा फरक कुणाला कळत नाही, किमतीत मात्र चांगलाच जाणवतो.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनचाच असतो. त्याचा कठीणपणा आणि तेज खाणीतल्या हिऱ्याइतकेच. फरक डोळ्यांना दिसत नाही, तो तपासायला यंत्र लागते. किंमत कितीतरी कमी असते आणि पुढे विकताना मोलही कमी येते, म्हणून बिलावर ‘लॅब ग्रोन’ असा स्पष्ट उल्लेख हवा. अमेरिकन डायमंड आणि मॉइसनाइट ही मात्र वेगळीच द्रव्ये आहेत.

खरेदीच्या वेळी प्रमाणपत्राचा क्रमांक हिऱ्याच्या कडेवर लेझरने कोरलेल्या क्रमांकाशी भिंगातून जुळवावा. सोने १८ कॅरटचे असेल तर हॉलमार्कमध्ये ७५० हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. रोज वापरायच्या अंगठीत हिरा धरणाऱ्या नख्या जाड आणि घट्ट असाव्यात; वर्षातून एकदा त्या सराफाकडून तपासून घ्याव्यात. हिऱ्याला तेलकटपणा चटकन चिकटतो आणि उत्तम कटही मंद दिसू लागतो. कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने मागची बाजू घासली, की झळाळी परत येते.