क्रिलचा डिंभविकास

क्रिल हे कोळंबीसारखे दिसणारे सागरी प्राणी संधिपाद संघाच्या कवचधर गटातील यूफॉसिएसिया गणात मोडतात. दक्षिण ध्रुवीय समुद्रातील अंटार्क्टिक क्रिल (शास्त्रीय नाव यूफॉसिया सुपर्बा) ही त्यांतील प्रमुख जाती असून प्रौढाची लांबी सु. ६ सेंमी. असते. देवमासे, सील, पेंग्विन इत्यादींचे ते मुख्य अन्न होय. त्याचे डिंभ (अंड्यातून बाहेर पडणारी, प्रौढाहून भिन्न रूपाची पूर्वावस्था) किती संख्येने जगतात, यावर पुढील वर्षांतील क्रिलची विपुलता अवलंबून असते.

मादी डिसेंबर ते मार्च या तेथील उन्हाळ्यात हजारो अंडी पाण्याच्या वरच्या थरात सोडते. ती पाण्याहून जड असल्याने बुडत जातात व सु. एका आठवड्यात, खोल समुद्रात सर्वसाधारणपणे ७०० ते १,००० मी. खोलीवर, फुटतात. बाहेर पडलेल्या नॉप्लियस डिंभाला उपांगांच्या तीन जोड्या असतात. नॉप्लियसच्या दोन व मेटॅनॉप्लियसची एक अशा तीन अवस्थांत तो काही न खाता अंड्यातील पीतकावर जगतो आणि पृष्ठभागाकडे चढत राहतो. ‘डिस्कव्हरी’ मोहिमांतील नमुन्यांवरून एफ्. सी. फ्रेझर यांनी १९३६ मध्ये डिंभावस्थांचे वर्णन केले. जेम्स मार यांनी १९६२ मध्ये या आरोहणाचे सविस्तर विवेचन केले.

अंडी घातल्यापासून सु. तीन ते चार आठवड्यांनी येणाऱ्या कॅलिप्टोपिस अवस्थेत डिंभ प्रथमच अन्न घेतो. त्याचे डोळे पृष्ठवर्माखाली झाकलेले असतात. या वेळी सूक्ष्म शैवले लवकर न मिळाल्यास तो इतका क्षीण होतो की, नंतर अन्न मिळूनही वाचत नाही. कॅलिप्टोपिसच्या तीन अवस्थांनंतर फर्सिलियाच्या सहा अवस्था येतात. त्यांत डोळे मोकळे होतात व पोहण्याचे पाय क्रमाने विकसित होतात.

हिवाळ्यात पाण्यातील शैवले विरळ होतात. प्रौढ क्रिल शरीरातील साठ्यावर व प्रसंगी आकार घटवून दीर्घ उपासमार सोसते. फर्सिलियाजवळ असा साठा अल्प असतो. समुद्रबर्फाच्या खालच्या पृष्ठावरील शैवले व सूक्ष्मजीव हे त्याचे महत्त्वाचे अन्न असते, तर बर्फातील खाचाखोचा त्याला आश्रय देतात. वसंतात त्याचे रूपांतर लहान क्रिलमध्ये होते. २०२३ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिक समुद्रबर्फाचा विस्तार उपग्रहीय नोंदींतील नीचांकावर आला. बर्फ उशिरा गोठले किंवा लवकर वितळले, तर डिंभांचे अन्न व आश्रय दोन्ही हिरावले जाण्याचा धोका असतो. म्हणून क्रिलच्या मासेमारीची मर्यादा ठरविताना डिंभांच्या जगण्याचे ज्ञान आवश्यक ठरते.