गोळी घेतली, की नुसता मिस्ड कॉल दिला?

टीबीच्या गोळ्यांची पट्टी एका जाड कागदाच्या पाकिटात बसवलेली असते. गोळी दाबून काढली की कागद फाटतो आणि मागे छापलेला फोन नंबर दिसतो. त्या नंबरला मिस्ड कॉल द्यायचा. पैसे पडत नाहीत, कुणाशी बोलावंही लागत नाही. कोणत्या गोळीमागे कोणता नंबर निघेल हे रुग्णाला आधी कळत नाही. संगणकाला मात्र ते ठाऊक असतं. बरोबर नंबरावर कॉल आला की आजच्या डोसपुढे खूण होते. ‘९९डॉट्स’ नावाची ही युक्ती मायक्रोसॉफ्टच्या बेंगळुरूतल्या संशोधन केंद्रातून पुढे आली. ‘पोचलो’, ‘खाली ये’, ‘तूच कर फोन’ हे सगळं एका रिंगमध्ये सांगणाऱ्या देशात ती सुचली, यात नवल नाही.

पण संगणकाला कळतं ते इतकंच, की गोळी पट्टीतून बाहेर आली. ती पोटात गेली का, हे पाहायला संशोधक चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईतल्या रुग्णांच्या घरी न सांगता गेले आणि लघवीत आयसोनियाझिड हे टीबीचं औषध सापडतं का ते तपासलं. फोनची नोंद आणि लघवीचा निकाल यांचा मेळ जितका बसायला हवा होता तितका बसला नाही. चूक दोन्हीकडून होती. काहींनी गोळी घेतली होती, पण कॉल केला नव्हता. काहींची नोंद ‘घेतली’ अशी होती आणि लघवीत औषधाचा मागमूस नव्हता. त्यात कॉल न आलेल्या डोसची नोंद आरोग्य कर्मचाऱ्याला हाताने करता येते. आणि घरात एकच फोन असेल, तोही कामावर गेलेल्या नवऱ्याच्या खिशात, तर बाईने कॉल करायचा कुठून? शेजारणीचा फोन मागायचा तर आजार सांगावा लागतो. टीबी झालेल्या सुनेला ते किती जड जातं, हे सांगायला नको.

न सांगता जाऊन लघवी तपासणं मात्र नवं नाही. १९५६ साली मद्रासमध्ये डॉक्टर वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग सुरू केला. काही रुग्ण सॅनेटोरियममध्ये ठेवले, बाकीच्यांना गोळ्या देऊन घरी पाठवलं. घरचे रुग्ण दाटीवाटीच्या वस्त्यांत राहत होते, त्यांना आहारही कमी मिळत होता. तरी ते जवळपास तितक्याच प्रमाणात बरे झाले, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झालं आणि टीबीवर हवापालटाचा खर्चिक उपाय अनिवार्य राहिला नाही. पण रुग्ण घरी गेला तसा एक प्रश्नही त्याच्यामागून गेला: गोळी घेतो कशावरून? मद्रासच्या पथकाने तेव्हाच अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली. पुढे यातूनच कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळायची ‘डॉट्स’ पद्धत आली. आपल्याकडे आठवड्यातून तीनदा डोस होता तोवर ते कसंबसं जमत होतं. २०१७ पासून देशभर रोजचा डोस लागू होऊ लागला. रोजंदारीवरच्या माणसाने सहा महिने रोज आरोग्य केंद्रावर जायचं म्हणजे मजुरीवर पाणी सोडायचं. पाकिटावरच्या नंबरांची गरज इथे होती.

चीनने गोळ्यांची पेटी वापरून पाहिली. पेटी उघडली की वेळ नोंदली जाते, वेळ झाली की ती वाजते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्यांनी पाहिलं, की किती महिन्यांत रुग्णाचे किमान वीस टक्के डोस बुडाले. नेहमीच्या पद्धतीत २९.९ टक्के महिने असे निघाले. नुसते एसएमएस पाठवले तिथे २७.३, म्हणजे फरक नसल्यासारखाच. वाजणाऱ्या पेटीने आकडा १७ टक्क्यांवर आला. पेटी विकणाऱ्यांना हा निकाल फार आवडला. पण २०२३ मध्ये त्याच देशातली पुढची चाचणी आली. तिच्यात डोस कमी चुकले. उपचारांच्या वाईट निकालांत मात्र ठोस घट दिसली नाही. डोस मोजता येणं आणि रोगी बरा होणं या दोन गोष्टी आपण सहज एकात कालवतो.

मोजण्याच्या हौसेचं टोक अमेरिकेने गाठलं. वाळूच्या कणाएवढा सेन्सर गोळीतच बसवला. तो जठररसात भिजला की अंगावरच्या पट्टीला इशारा पोचतो. २०१७ मध्ये तिथल्या औषध नियामकाने अशा गोळीला मंजुरी दिली आणि औषध निवडलं होतं स्किझोफ्रेनियावरचं. आपल्यावर कुणीतरी पाळत ठेवतंय असा ज्या आजारात भास होऊ शकतो, त्यात खरोखरीच पाळत ठेवणारी गोळी! सेन्सर बनवणाऱ्या प्रोटियस कंपनीने २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

मला केनियाचा प्रयोग जास्त पटतो. एचआयव्हीच्या रुग्णांना आठवड्यातून एकदा एसएमएस जायचा, ‘कसं काय?’ इतकाच. गोळीचं नावही नाही. रुग्णाने ‘ठीक आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असं कळवायचं. अडचण असेल किंवा उत्तरच नसेल तर दवाखान्यातून फोन. २०१० च्या ‘लॅन्सेट’मधल्या निष्कर्षानुसार गोळ्या नीट घेतल्याचं सांगणारे ५० वरून ६२ टक्के झाले, आणि सांगण्यावर विसंबायला नको म्हणून विषाणू मोजले तर ते आटोक्यात असलेले ४८ वरून ५७ टक्के. चीनमध्ये एसएमएस फुकट गेला, इथे उपयोगी पडला. माझ्या मते फरक पडला तो पलीकडे उत्तर वाचणारं आणि उलट फोन करणारं माणूस असल्याने. ते माणूस नेमायचं, त्याला पगार द्यायचा, हा खर्च ‘डिजिटल’ या सदरात बसत नाही, म्हणून बहुतेक योजनांत तो राहून जातो.

आणि या साऱ्या यंत्रणा डोस चुकला की रुग्णाकडे बोट दाखवतात. २०२४ च्या मार्चमध्ये टीबीच्या औषधांचा सरकारी पुरवठा आटला, तेव्हा राज्यांना तीन महिन्यांपुरती औषधं आपापल्या पातळीवर विकत घ्यायला केंद्र सरकारने सांगितलं होतं. अशा वेळी केंद्रावरून रिकाम्या हाताने परतलेल्याकडून कॉल येणार कुठून? त्याच्याकडे पाकीटच नसतं. कॉल न आल्याची नोंद तेवढी होते. दुकानात माल नव्हता, हे लिहायला त्या तक्त्यात वेगळा रकाना हवा.